खर्च जिथे, माणूस तिथे

४ सप्टेंबर

चष्मेवाल्यांनी आज पुन्हा डोकं खाल्लं. चष्मेवाले म्हणजे आमचे करसल्लागार. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि दोन्हींतून त्यांना फक्त माझ्या चुका दिसतात. म्हणाले, "वहिनी, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, इथपर्यंत ठीक. पण वीज कोणाची जळते? चहा कोणाचा उकळतो? गिऱ्हाइकाला पाजला तर धंद्याचा खर्च, तुम्ही प्यायलात तर घरचा. रोजच्या रोज लिहून ठेवत जा. महिनाअखेर विवरणपत्र भरायचंय."

म्हणून ही डायरी काढली. स्प्रिंगा पुरवणाऱ्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिली होती, कोरीच पडली होती. आजचा हिशेब: चहा गिऱ्हाइकांचा थोडा, आमचा बराच. संपलं. आता एवढं मोठं पान उरलंय त्याचं काय करू? तक्रारी लिहिते. त्या मुबलक आहेत.

पहिली तक्रार अर्थात हे. वजनकाटे दुरुस्त करण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. चिमूटभर फरक असला तरी ह्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि पैशाच्या बाबतीत? मजुरी मागायला लाज वाटते, आणि बाहेरगावी गेले की काहीतरी विकत घेतल्याशिवाय परत येववत नाही. मागच्या खेपेला काचेचा मासा आणला. लेकीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचेत, कर भरायचाय, आणि हे मासा घेऊन येतात. वर मलाच विचारतात, "छान आहे ना?"

छान आहे. तोच तर वैताग आहे.

६ सप्टेंबर

भांडलो. सकाळपासून दुपारपर्यंत, मधे फक्त गिऱ्हाइकं आली तेवढा वेळ सोडून.

डोंगरापलीकडच्या गावात कागदाची एक बंद पडलेली गिरणी आहे. ती विकायची आहे, म्हणून तिथला कागदाचे गठ्ठे तोलायचा जुना काटा तपासून हवाय. काम मोठं आहे. मी म्हटलं, जेवढे पैसे मिळतील त्यातले निम्मे तुम्ही वाटेतच उडवाल. हे म्हणाले, तू काट्यासारखी आहेस, जरा वाऱ्याने हललीस की आकडा दाखवतेस. मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

निघताना मी दारात म्हटलं, "या वेळी जरा हिशेबी होऊन या. नाहीतर येऊच नका."

"बरं," हे बॅग उचलत म्हणाले, "पाठवतो तुझ्यासाठी एखादा हिशेबी." आणि शीळ घालत गेले. ह्यांची शीळ म्हणजे एकच ओळ, तीही बेसूर. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते.

९ सप्टेंबर

हे आले. दुपारीच आले, मला वाटलं होतं उद्या येतील.

आमच्याकडे एक पद्धत आहे. हे बाहेरगावहून आले की बूट काढायच्या आधी जेवणाच्या टेबलावर सगळे खिसे रिकामे करायचे. मग मी निवडायला बसते: हे धंद्याचं, हे घरचं, आणि हा ह्यांचा मूर्खपणा. तिसरा ढीग नेहमी मोठा. आज खिसे उलटे केले तर काहीच नाही. पावती नाही, सुटे पैसे नाहीत, एखादा स्क्रूसुद्धा नाही. बॅगेतही नेलेलेच कपडे, घडी न मोडलेले.

"जेवलात कुठे? राहिलात कुठे?"

"काही लागलं नाही," हे म्हणाले.

मी चहा ठेवू लागले तर हे नको म्हणाले. मला वाटलं, रुसलेत. भांडणाचं मनावर घेतलंय. जरा वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं.

१० सप्टेंबर

किराणावाल्याचा मोठा काटा दुरुस्त झाला. मोठा काटा झाला की तपासायला हे स्वतः त्यावर उभे राहतात, ही ह्यांची जुनी रीत. "मी म्हणजे पंचाहत्तर किलोचं चालतंबोलतं माप," असं गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात. मागे उभी राहून मी चिडवते, की माप जेवणाआधी चौऱ्याहत्तर भरतं आणि जेवणानंतर साडेपंचाहत्तर, तर काटा बिघडलाय की पोट?

आज उभे राहिले. बरोब्बर पंचाहत्तर. एका ग्रॅमचाही इकडेतिकडे फरक नाही. किराणावाला खूश. "साहेब, तुम्हालाच पेटीत घालून विकायला पाहिजे," म्हणाला. हे हसले नाहीत. एरवी अशा विनोदाला स्वतःच टाळी दिली असती.

१३ सप्टेंबर

लिहिताना आनंद होतोय, म्हणून सविस्तर लिहिते. घरखर्च उतरला!

चहाची पूड संपायला आली होती, ती अजून आहे. साखर आहे. अंडी आणली तेवढीच आहेत, मी खाल्ली ती सोडून. हे जेवायला बसतात, ताट पुढे घेतात, मी काहीतरी आणायला आत जाऊन येते तोवर उठलेलेही असतात. ताट स्वच्छ. सगळं अन्न पातेल्यात परत ठेवलेलं. विचारलं तर म्हणतात, "पुरे झालं." वजन कमी होईल म्हटलं तर काट्यावर उभे राहून दाखवलं. पंचाहत्तर.

आंघोळीचा साबण झिजत नाही. दाढीचं ब्लेड बदलावं लागत नाही, कारण दाढी वाढतच नाही. विजेचं मीटरही मी रोज पाहते. ह्यांना संध्याकाळी दिवा लागत नाही, तसेच बसून काम करतात. मी दिवा लावला की "कशाला उगाच," म्हणतात. आणि मजुरी? पै न् पै वसूल. काल एका गिऱ्हाइकाने दोन दिवसांनी देतो म्हटलं तर हे त्याच्यासमोर नुसते उभे राहिले. त्याने पाकीट काढून दिलं आणि चहाही न घेता गेला.

इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, त्याचं फळ आत्ता मिळतंय.

लेकीचा फोन आला होता. बाबांशी बोलली. मग मला म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत ना? माझ्या केसांवरून एकदाही काही बोलले नाहीत." मी म्हटलं, तुझे बाबा शेवटी मोठे झाले गं.

१५ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. तशी विचित्र नाही, काट्यातच दोष असणार.

आधी वजनांचं लिहिते. आमच्या पेटीत पितळी वजनं आहेत, मखमलीच्या खाचांत बसवलेली. त्यांना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की वजन बदलतं. फडक्यानेच उचलायची. लग्न होऊन आले तेव्हा मी एक वजन हाताने उचललं होतं, तर हे असे ओरडले होते की मला माहेरी जावंसं वाटलं. आज हे सगळी वजनं उघड्या हातांनी उचलत होते. मी म्हटलं, "अहो, ठसे!" ह्यांनी वजन माझ्यापुढे धरलं. ठसा नव्हता. पितळ लख्ख.

मग मोठ्या काट्यावर उभे राहिले. पंचाहत्तर. मी म्हटलं, थांबा, वीस किलोचं लोखंडी वजन हातात घ्या, पंचाण्णव येतंय का पाहू. घेतलं. पंचाहत्तर. माझी पिशवी, बटाट्यांसकट, खांद्याला अडकवली. पंचाहत्तर.

"काटा अडकला," मी म्हटलं.

"बरोबर आहे तुझं," हे म्हणाले.

हे उतरल्यावर मी एकटं लोखंडी वजन ठेवून पाहिलं. वीस. काटा चांगला होता. मग म्हटलं, मधूनच अडकत असेल. असे काटे असतात. आमच्या धंद्यात माणसावर शंका घ्यायची पद्धत नाही, आधी काट्यावर घ्यायची.

१६ सप्टेंबर

कपडे धुतले. यंत्रात काही खडखडलं नाही. ह्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी दोनचार स्क्रू राहतात, आणि ते आत फिरताना असा आवाज करतात की शेजारीण भिंतीवर थापा मारते. त्यापायी मी किती बडबड केली असेन.

आज यंत्र शांतपणे फिरलं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. मला रडू का आलं ते कळलं नाही. खर्च नाही, भांडण नाही, घरात आवाज नाही. मी काहीही म्हटलं की "बरोबर आहे तुझं." मुद्दाम म्हटलं, तुमची आई माझ्याशी नीट वागली नाही. "बरोबर आहे तुझं." सासूबाईंवरून हा माणूस माझ्याशी आठ आठ दिवस बोलायचा नाही!

१७ सप्टेंबर

फोनवर आज एका भामट्याची चांगली खरडपट्टी काढली. म्हणाला, डोंगरापलीकडच्या गावातल्या लॉजचा मॅनेजर बोलतोय, साहेबांचं बिल चढलंय, अर्धं तरी पाठवा.

"कुठले साहेब?"

"वजनकाटेवाले. तुमचाच नंबर दिलाय त्यांनी."

मी म्हटलं, "साहेब माझ्यासमोर बसलेत, काम करतायत. असे फोन करून बायकांना लुबाडायचे धंदे सोडा आणि काहीतरी कष्टाचं करा."

बिचारा गडबडला. "मॅडम, मी कष्टाचंच करतो हो," म्हणाला.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान वर केली नाही. "परत आला तर उचलू नकोस," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मला फोन उचलू देत जा."

१९ सप्टेंबर

हे गिऱ्हाइकाकडे गेले होते. फोन वाजला, मी उचलला.

तोच मॅनेजर. या वेळी पैशाचं बोलला नाही. म्हणाला, "मॅडम, रागावू नका. मी फक्त सांगतो. साहेब आले त्या दिवशी गिरणीतून परत आले ते तापानेच फणफणत. ताप उतरला. आता बरे आहेत. पण जात नाहीत. रोज सकाळी बॅग भरतात, जिन्यात येऊन बसतात, फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. विचारलं तर म्हणतात, घरी जागा नाही. खाणंपिणं चांगलं आहे, रोज तीन अंडी खातात. पण मला बघवत नाही."

मागून कोणीतरी खोकलं. मग शीळ. एकच ओळ, बेसूर.

"अगं," आवाज आला. "मी आहे."

त्याच क्षणी पुढचं दार उघडलं आणि हे आत आले. हे, माझे हे, पायपुसण्यावर उभे, हातात हत्यारांची पेटी. माझ्याकडे पाहत होते. मी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"चुकून लागला."

"बरोबर," हे म्हणाले, आणि माझ्या हाताखालचा फोन सरळ करून ठेवला.

२० सप्टेंबर

कोणाला विचारू? नणंदेला सांगावं तर ती मलाच डॉक्टरकडे नेईल. लेकीला घाबरवायचं नाही. शेवटी चष्मेवाल्यांकडे गेले. तिथे कराचं निमित्त करून काहीही विचारता येतं.

"समजा," मी म्हटलं, "एखाद्या धंदेवाल्याचा बाहेरगावचा मुक्काम चालूच आहे, खोलीचं बिल चढतंय, आणि तोच माणूस इकडे घरीही आहे. तर?"

कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "तर कोणीतरी खोटं बिल करतंय."

"बिल खरं असेल तर?"

"मग जो घरी आहे म्हणतो तो खोटा. वहिनी, कर खात्याला माणूस दिसत नसतो, त्यांना खर्च दिसतो. माणूस जिथे जेवला, झोपला, जिथे साबण झिजवला, तिथे तो होता. खर्च जिथे, माणूस तिथे. सरळ नियम आहे." मग त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं, हसून म्हणाले, "त्या धंदेवाल्याच्या बायकोला विचारा, घरात नवऱ्याचा खर्च किती पडतोय."

मी बोटांवर मोजत बसले. चहा नाही. साखर नाही. अंडं नाही, साबण नाही, ब्लेड नाही. दिवा नाही. पलंगावरची त्यांच्या बाजूची चादर मी घालते तशीच सकाळी असते. तेही मी या डायरीत बचत म्हणून लिहिणार होते.

"काय झालं? पाणी देऊ का?" चष्मेवाले म्हणाले.

२१ सप्टेंबर

जाऊन पाहायचं ठरवलं. घरी सांगितलं, बहिणीला बरं नाही, दोन दिवसांत येते. बससाठी पैसे मागितले. मला वाटलं नाही म्हणतील. ह्यांनी मोजून दिले, जाण्याचे. मी म्हटलं, येण्याचे?

"ते नंतर बघू."

मी चपला घालत होते तेव्हा हाक मारली. "जरा इकडे ये. नवीन काटा आणलाय, तपासायचाय. उभी राहा."

"अहो, बस जाईल."

"एकच मिनिट."

काटा कसला नवीन, जुनाच होता, गंज घासून काढलेला. कुठून आणला ते विचारायला वेळ नव्हता. उभी राहिले. उतरले. माझा आकडा बघायची मला हौस नाही, मी बॅग उचलून दाराकडे वळले. हे मात्र आकड्याकडेच पाहत उभे होते, मी उतरले तरी. इतके खूश मी त्यांना परत आल्यापासून पाहिले नव्हते.

"झालं," म्हणाले. "तू निवांत जा. घराची काळजी करू नकोस. घर चालेल."

हे बसमध्ये लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, ते रस्त्यामुळे.

२२ सप्टेंबर

हे लॉजच्या जिन्यात बसले होते. गुडघ्यांवर बॅग, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. मला पाहून उठले नाहीत. मीही शेवटच्या पायरीवरच थांबले. एवढ्या प्रवासात काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं काय, तर, "किती खर्च केलात?"

ह्यांचा चेहरा पडला. "बराच," म्हणाले. "रोज अंडी खाल्ली. आणि तुझ्यासाठी एक शाल घेतली, ती जरा महाग पडली."

मग मी पायऱ्या चढून गेले आणि ह्यांना धरून जी रडले, की मॅनेजर काउंटर सोडून बाहेर जाऊन उभा राहिला. ह्यांना घामाचा वास येत होता. साबणाचा, तंबाखूचाही, जी सोडल्याचं मला शपथेवर सांगितलं होतं. खोलीत गेल्यावर खिसे रिकामे करायला लावले. चुरगळलेल्या पावत्या, स्क्रू, अर्धं बिस्कीट. तिन्ही ढीग करायचं मला सुचलं नाही. सगळं तसंच पलंगावर पडू दिलं.

मग सांगितलं काय झालं ते. गिरणीतला काटा चांगला होता म्हणे. गंज काढला, तेल घातलं, रिवाजाप्रमाणे वर उभे राहिले. पंचाहत्तर. उतरले. आकडा तसाच. बंद करून चालू केला, तरी तसाच, वर कोणी उभं असल्यासारखा. चौकीदाराला हाक मारली. तो आला तो घाबराच. म्हणाला, "साहेब, तुम्ही तर आत्ताच फाटकातून बाहेर गेलात. मी सलामसुद्धा केला."

"काट्यात ओल गेली असेल," मी म्हटलं.

"असेल," हे म्हणाले. पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. "तो काटा दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता गं. कोणीतरी उचलून नेला होता. एवढा जड काटा."

"आणि घरी का नाही आलात? फोन तरी?"

"केला ना. तापात होतो, तेव्हाच केला. मीच उचलला." पलंगावरचा एक स्क्रू उचलून बोटांत फिरवू लागले. "माझ्याच आवाजात शांतपणे विचारलं, कोण बोलतंय. मला सांगता येईना. तू निघताना म्हणाली होतीस ना, हिशेबी होऊन या, नाहीतर येऊ नका. मला वाटलं, तुला हवा तसा मिळाला. मग मी येऊन काय करू?"

"मला हिशेब हवा होता हो," मी म्हटलं. "हिशेबी माणूस कोणी मागितला होता?"

दुपारी ह्यांच्या पानातलं अर्धं जेवण मीच खाल्लं, दोघांनाही पुरलं नाही, पुन्हा मागवलं. उद्या सकाळी घरी जायचं आणि जो कोणी तिथे बसलाय त्याला सरळ हाकलायचं, असं ठरलं. दोघं असलो की धीर येतो. घर आमचं आहे, करपावती आमच्या नावावर आहे.

२३ सप्टेंबर, सकाळ

निघायच्या आधी घरी फोन केला. त्याला आधीच सांगून टाकावं, की आम्ही येतोय, तू चालता हो. काउंटरवरचा फोन घेतला. शब्द तयार होते.

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"वजनकाट्यांचं दुकान, बोला."

मी रोज म्हणते तेच शब्द. माझाच आवाज. फक्त घाई नव्हती. मी फोन घेते तेव्हा गॅसवर काहीतरी असतं, दारात कोणीतरी असतं, मी अर्धी फोनवर आणि अर्धी दुसरीकडे असते. तिच्यामागे काहीच नव्हतं. एवढं शांत घर मी कधी ऐकलं नाही.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं. अगदी आदराने.

मला सांगता आलं नाही. ह्यांना का सांगता आलं नव्हतं ते तेव्हा कळलं. तोंडात शब्द असतात, पण ते तिने आधीच वापरलेले असतात. मी फोन ठेवला. ह्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "त्याने तुला काट्यावर उभं केलं होतं?"

मी मान डोलावली.

मग लेकीला लावला, माझ्या मोबाइलवरून. "आई? आत्ता तर ठेवलास," ती म्हणाली.

"काय म्हणाले मी?"

"असं काय गं करतेस? म्हणालीस, वसतिगृह सोड, घरीच ये, खर्च वाचेल. उद्या शनिवार, सुट्टीच आहे, सामान घेऊनच ये. आणि बाबांनी नवीन काटा आणलाय, आल्या आल्या गंमत म्हणून त्यावर उभी राहा. आई, किती गोड बोलत होतीस. मला कसं तरीच झालं, तू कधी एवढं गोड बोलतेस?"

"उद्या घरी जायचं नाही."

"म्हणजे? आत्ता तूच..."

"मी सांगते म्हणून. पाऊल टाकायचं नाहीस तिकडे. कोणी न्यायला आलं तरी जायचं नाही, मग ते बाबा असोत नाहीतर मी असो. आणि ते केस आधी नीट विंचर, परवाच्या फोटोत झाडूसारखे दिसत होते."

"झालं तुझं सुरू!" ती ओरडली. "मघाचीच बरी होतीस!" आणि फोन आपटला.

मी हसायला लागले. ती गोड आवाजाची बाई हे करू शकणार नाही. पोरीला असं चिडवायला तिला जन्म घालवावा लागेल. मी समोर उभी राहून पोटभर भांडेन, पोर मला ओळखेल. ओळखायलाच हवं.

घराचं नंतर बघू. घर त्यांच्याकडे राहिलं तर राहू दे. कर वेळेवर भरतील, बिलं कमी येतील, चष्मेवाले खूश होतील. पण पोर द्यायची नाही.

फोन परत लावतेय, ती उचलत नाही. रागात असेल. रागातच असू दे.

बस दुपारी आहे, वसतिगृहाला पोचायला रात्र होईल. मॅनेजर म्हणतो, टॅक्सी मिळेल, पण इतक्या लांबचं भाडं म्हणजे महिन्याचा किराणा. हे माझ्याकडे चोरट्या नजरेने बघतायत, विचारायची हिंमत होत नाहीये. मोबाइल वाजतोय. घरचा नंबर आहे. उचलत नाही मी.

"बोलवा टॅक्सी," मी ह्यांना म्हटलं. "होऊ दे खर्च."

मॅनेजरला म्हटलं, डबा बांधून द्या, अंडी जास्त घाला. गाडी आली.